एका संशोधकाचे काम गूगल स्कॉलरवर पाहताना

६ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि अर्ध्या तासाच्या आत एम.एस्सी.च्या तीन विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी आल्या. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी गेली एकोणीस वर्षे काम करते आहे. जीवशास्त्राच्या विभागांचे संदर्भकाम माझ्याकडे असते, त्यामुळे अशा दिवशी कोणीतरी येणार हे ठाऊक होते. शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या तिघांना रोगप्रतिकारशास्त्रातील कामासाठी हे पारितोषिक मिळाले होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर का उलटत नाही, याचा उलगडा त्यांच्या कामातून झाला. मुलींचा प्रश्न मात्र वेगळाच होता: "मॅडम, साकागुचींचा एच-इंडेक्स किती आहे? तो कुठे बघायचा?" एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे निबंध आणि त्यांचे झालेले उल्लेख यांवरून काढलेला एक आकडा. मी त्यांना गूगल स्कॉलर ही शोधनिबंध शोधण्याची सेवा उघडून दिली, कारण आमच्याकडे पैसे न भरता उघडते ते तेच. पुढचे दोन तास आम्ही चौघी त्या पडद्यासमोर बसलो आणि नंतरच्या काही आठवड्यांत मी हेच काम एकटीने, अधिक सावकाश, पुन्हा करून पाहिले. एखाद्या संशोधकाचे प्रकाशित काम आणि त्याचा विज्ञानावर पडलेला प्रभाव समजून घ्यायचा असेल, तर ही सेवा कोठपर्यंत साथ देते आणि कोठे दिशाभूल करते, हे त्या अनुभवातून येथे मांडत आहे.

गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाले. आयआयटी खरगपूरचे माजी विद्यार्थी अनुराग आचार्य आणि त्यांचे सहकारी अलेक्स व्हर्स्टाक यांनी ते उभे केले, आणि २०११ पासून संशोधकांना त्यावर स्वतःचे प्रोफाइल तयार करण्याची सोय मिळाली. शोध घेण्यासाठी वर्गणी लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि पानावर जाहिराती नसतात. २००४ मध्येच आलेले एल्सव्हिअरचे स्कोपस किंवा त्याहून कितीतरी जुनी परंपरा असलेले क्लॅरिव्हेटचे वेब ऑफ सायन्स हे निबंधांच्या व उल्लेखांच्या नोंदींचे संग्रह पूर्णपणे वापरायचे, तर संस्थेला दरवर्षी वर्गणी भरावी लागते. आमच्यासारख्या महाविद्यालयाचे ग्रंथालयाचे अंदाजपत्रक पाहता तो विषय बैठकीत निघतो आणि तेथेच संपतो. वैद्यकीय विषयांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे पबमेड विनामूल्य आहे आणि मी ते रोज वापरते. पण कोणी कोणाचा उल्लेख केला याचा माग काढण्यात त्याची पोच स्कॉलरइतकी लांब नाही. तेव्हा तालुक्याच्या गावी बसून पीएच.डी. करणाऱ्या मुलीला आणि टोकियोतल्या प्राध्यापकाला सारखेच उघडणारे साधन म्हणून स्कॉलरविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे पुढची टीका वाचताना लक्षात ठेवावे.

या सेवेचा खरा कस 'साइटेड बाय' या छोट्याशा दुव्यात आहे. प्रत्येक शोधनिबंधाच्या नोंदीखाली तो असतो, आणि त्यावर टिचकी मारली की त्या निबंधाचा उल्लेख करणारे पुढचे सगळे निबंध समोर येतात. साकागुचींच्या बाबतीत हा धागा धरून चालताना जे दिसले, ते विषयाच्या शब्दांनी शोधून कधीच दिसले नसते. आज ज्यांना आपण नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी, म्हणतो, त्या पेशींना त्यांच्या शोधाच्या सुरुवातीच्या काळात हे नावच नव्हते. साकागुचींच्या १९८५ च्या 'जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन'मधील निबंधाच्या शीर्षकात केवळ 'टी पेशींचा उपसंच' असा उल्लेख आहे, आणि १९९५ च्या 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'मधील ज्या निबंधाने पुढे सगळे चित्र पालटले, त्याच्या शीर्षकात 'सक्रिय टी पेशी' असे म्हटले आहे. नियामक हा शब्द शोधपट्टीत टाकून बसणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाचा पायाच सापडणार नाही. उल्लेखांचा धागा मात्र शब्द बदलले तरी तुटत नाही.

आम्ही सुरुवात आणखी मागे जाऊन केली. नागोया येथील आइची कर्करोग केंद्रात काम करणारे निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये 'सायन्स'मध्ये एक छोटा निबंध छापला होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या मादी पिल्लाची थायमस ग्रंथी (जेथे टी पेशी घडतात) काढून टाकली, तर पुढे तिची अंडाशये खराब होतात. तीच ग्रंथी सातव्या दिवशी काढली, तर तसे होत नाही. शीर्षकात थायमस आणि प्रजनन यांचा संबंध सांगितला आहे, कारण ही प्रतिकारयंत्रणेची करणी आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. या निबंधाच्या 'साइटेड बाय' यादीत शिरून, यादीतल्या यादीत शोध घेण्याच्या चौकटीवर खूण करून साकागुची हे नाव टाकले, की पायऱ्या एकेक करून दिसू लागतात. क्योटो विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षण सोडून हा तरुण डॉक्टर १९७७ च्या सुमारास त्याच नागोयाच्या प्रयोगशाळेत गेला होता, कारण त्या उंदरांचे कोडे त्याची पाठ सोडत नव्हते. १९८२ मध्ये निशिझुकांसोबतचा निबंध, १९८५ मध्ये क्योटोच्या सहकाऱ्यांसोबतचा निबंध, आणि मग थेट १९९५. मधल्या दहा वर्षांत त्याने काही केले नाही असे नव्हे. परंतु ज्या पेशींवर त्याचा विश्वास होता, त्यांच्यावर नेमकी खूण कोणती हे सापडायला तेवढा काळ गेला.

१९९५ चा तो प्रयोग विद्यार्थिनींना मी निबंधच उघडून दाखवला, आणि माझ्या मते त्या दोन तासांतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता. उंदराच्या सीडी४ या खुणेच्या टी पेशींपैकी सुमारे दहा टक्के पेशींवर सीडी२५ हे प्रथिन असते. साकागुचींनी तेवढ्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्या उंदरांच्या थायरॉइडला, जठराला, अंडाशयांना, लाळग्रंथींना, स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांना स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेकडून इजा होऊ लागली. बाजूला काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तेव्हा ते आजार टळले. एका खुणेच्या पेशी काढल्या की अनेक आजार, परत दिल्या की संरक्षण, एवढा सरळ पुरावा त्यात आहे, आणि तो 'नेचर' किंवा 'सेल'सारख्या नावाजलेल्या नियतकालिकात नव्हे, तर अमेरिकेतील प्रतिकारशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला आहे. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांच्या सरासरी उल्लेखांचा आकडा, पाहून निबंध वाचायचा की नाही हे ठरवणाऱ्यांच्या हातून तो सहज निसटला असता. आज त्याच्या उल्लेखांची संख्या हजारोंत आहे.

पुढच्या दिशेनेही धागा तितकाच स्पष्ट आहे. अमेरिकेत ओक रिज येथे १९४० च्या दशकात आपोआप निपजलेल्या, खरबरीत त्वचेच्या आणि काही आठवड्यांतच मरणाऱ्या 'स्कर्फी' नर उंदरांमध्ये नेमके कोणते जनुक बिघडले आहे, हे वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल येथे एका जैवतंत्रज्ञान कंपनीत काम करणाऱ्या ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी शोधून काढले. तेव्हा आजच्यासारखे जनुकवाचन स्वस्त नव्हते. त्यांनी एक्स गुणसूत्रावरचा संशयित भाग लहान लहान करत सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आणला, त्यात वीस जनुके निघाली, आणि विसाव्या जनुकात दोष सापडला. हा निबंध २००१ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. त्याच वर्षी माणसांतील आयपेक्स या दुर्मीळ व घातक आजाराचे मूळही याच जनुकात असल्याचे दाखवले गेले. त्या जनुकाला आज आपण फॉक्सपी३ म्हणतो. २००३ मध्ये होरी, नोमुरा आणि साकागुची यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले की १९९५ च्या पेशी आणि २००१ चे जनुक ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. त्याच वर्षी 'नेचर इम्युनॉलॉजी'मध्ये अमेरिकेतील प्रतिकारशास्त्रज्ञ अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या आणि रॅम्सडेल यांच्या गटांचे निबंधही आले. उंदराच्या अंडाशयापासून माणसाच्या जनुकापर्यंतचा हा चौतीस वर्षांचा प्रवास स्कॉलरच्या दुव्यांवरून एका दुपारी चालून जाता येतो. यासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन. एकच अडचण सांगण्यासारखी आहे: कोणत्याही शोधाचे पहिले एक हजारच निकाल स्कॉलर दाखवते, आणि यादी एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय देत नाही. ज्या निबंधाचे उल्लेख हजारोंत आहेत, त्याच्या बाबतीत वर्षांची मर्यादा घालून तुकड्यातुकड्यांनी पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता नावांविषयी. संशोधकाच्या नावाने शोध घेणे हे जितके सोपे वाटते तितके नाही, आणि साकागुचींच्या उदाहरणात ही अडचण फार चांगली दिसते. १९९५ च्या निबंधाचे पहिले दोन लेखक एकाच आडनावाचे आहेत: शिमोन साकागुची आणि त्यांच्या पत्नी नोरिको. कुमामोतो विद्यापीठात नोबुओ साकागुची नावाचे आणखी एक प्रतिकारशास्त्रज्ञ होते, ज्यांचे काम बी पेशींवर आहे. पबमेडमध्ये २००२ पूर्वीच्या निबंधांना लेखकांची पूर्ण नावे नसतात, केवळ आद्याक्षरे असतात, त्यामुळे नोरिको आणि नोबुओ दोघेही 'साकागुची एन' म्हणून एकाच रांगेत उभे राहतात, आणि विषयही एकच असल्यामुळे यंत्राला फरक कळत नाही. स्कॉलरही अशा वेळी गोंधळते. आपल्याकडे तर हा प्रश्न रोजचा आहे. एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी या नावांनी शोधून पाहिले, तर शेतीपासून संगणकापर्यंत सगळे विषय एका यादीत येतात. त्यात लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदललेल्या संशोधिकांचे पूर्वीचे निबंध वेगळे पडतात, आणि तिचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जमा होते. म्हणून आमच्याकडे पहिला निबंध पाठवण्याआधीच प्रत्येकीने ऑर्सिड हा संशोधकाची कायमची ओळख ठरणारा क्रमांक काढावा, असा माझा आग्रह असतो. तो क्रमांक विनामूल्य असतो, २०१२ पासून चालू आहे, आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही.

स्कॉलरचे प्रोफाइल संशोधक स्वतः तयार करतो, आणि येथे सोय व धोका दोन्ही एकत्र येतात. यंत्र सुचवेल ते निबंध एका होकारात यादीत जातात. ते आपले आहेत का, हे तपासणारा तिसरा कोणी नसतो. आमच्याच एका प्राध्यापकांच्या यादीत मला वस्त्रोद्योगावरचे दोन निबंध आढळले होते. त्यांच्या मनात काही खोटे नव्हते. यंत्राला आपोआप भर घालण्याची परवानगी दिलेली होती, एवढेच. मी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ते त्याच दिवशी काढून टाकले. परंतु ज्याला आकडा फुगवायचाच आहे, त्याला अडवणारेही येथे कोणी नाही. २०१० मध्ये फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी आइक अँटकेअर नावाचा एक काल्पनिक संशोधक निर्माण केला, संगणकाने रचलेले अर्थहीन निबंध एकमेकांचे उल्लेख करतील अशा रीतीने महाजालावर ठेवले, आणि स्कॉलरच्या आधारे त्या अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ पर्यंत नेऊन दाखवला. यंत्र कोणत्या दाराने फसू शकते, हे त्या प्रयोगाने जगाला दाखवले.

आता ज्या आकड्यासाठी मुली आल्या होत्या त्याकडे वळते. प्रोफाइलच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूस तीन संख्या असतात: एकूण उल्लेख, एच-इंडेक्स आणि आय-टेन. शेवटची स्कॉलरने रूढ केली. किमान दहा उल्लेख असलेले निबंध किती, एवढेच ती सांगते. एच-इंडेक्स ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. तुमच्या वीस निबंधांचे प्रत्येकी किमान वीस उल्लेख झाले असतील आणि एकविसाव्याला तेवढे नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. व्याख्या सुटसुटीत आहे, म्हणूनच ती समित्यांना आवडते. तिचा परिणाम असा होतो की ज्याचे एकूण निबंधच तीस आहेत, त्याचा एच-इंडेक्स तीसच्या वर कधीही जाऊ शकत नाही, मग त्यांतल्या एका निबंधाने जग बदललेले का असेना.

मेरी ब्रंको यांचे उदाहरण मी त्या दुपारी याचसाठी घेतले. पबमेडवर त्यांच्या नावाची यादी उघडली, तर ती एका बैठकीत वाचून होते. साकागुचींच्या यादीशेजारी ती ठेवली, तर दोघांना एकच पारितोषिक मिळाले यावर आकड्यांवर भरवसा ठेवणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. ब्रंको यांची कारकीर्द बरीचशी कंपन्यांत गेली, जेथे कामाचे फलित पेटंटमध्ये आणि औषधांत दिसते, आणि एच-इंडेक्सच्या हिशेबात त्याला जागा नाही. पण त्या छोट्या यादीत २००१ या एकाच वर्षात दोन निबंध आहेत, आणि दोन्हींत त्यांचे नाव पहिले आहे. एक स्कर्फी उंदराचा. दुसरा स्क्लेरोस्टिओसिस या आजाराचा, ज्यात हाडे प्रमाणाबाहेर जाड होत जातात; तो आजार सॉस्ट नावाच्या जनुकातील दोषामुळे होतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन अडवले तर ठिसूळ हाडे बळकट करता येतील, या विचारातून पुढे रोमोसोझुमॅब हे औषध आले आणि २०१९ मध्ये त्याला जपान व अमेरिकेत मान्यता मिळाली. एकाच वर्षात प्रतिकारशास्त्र आणि अस्थिरोग या दोन क्षेत्रांना वळण देणारी ही संशोधिका आपल्याकडच्या कित्येक निवड समित्यांच्या पहिल्या चाळणीत टिकली असती का, हा प्रश्न मी तेव्हापासून अनेकांना विचारला आहे, आणि अजून कोणी ठामपणे होय म्हटलेले नाही.

प्रोफाइलच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे लेखकाचे स्थान. जैववैद्यकीय निबंधांत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग केलेल्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. २००१ च्या 'नेचर जेनेटिक्स'मधील निबंधात दहा लेखक आहेत. पहिले नाव ब्रंको यांचे, शेवटचे रॅम्सडेल यांचे. एच-इंडेक्स मात्र पहिल्या, शेवटच्या आणि मधल्या आठ जणांना तोच निबंध सारखाच मोजून देतो. मूळ प्रयोगाचा निबंध आणि आढावा घेणारा लेख यांतही प्रोफाइल फरक करत नाही. साकागुचींनी सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये 'सेल'मध्ये लिहिलेल्या आढाव्याचेही हजारो उल्लेख आहेत. तो उत्तम लेख आहे आणि विद्यार्थ्यांनी तेथूनच सुरुवात करावी असे मी सांगते. पण १९८५ च्या आणि १९९५ च्या प्रयोगांचे वजन त्याला नाही, आणि उल्लेखसंख्येने लावलेल्या यादीत ते वजन वाचणाऱ्यालाच ओळखावे लागते.

उल्लेखांची संख्या म्हणजे सत्याची ग्वाही नव्हे, याचे धडे प्रतिकारशास्त्राइतके दुसऱ्या कोणत्या विषयात मिळत असतील असे मला वाटत नाही. येल विद्यापीठातील रिचर्ड गेर्शॉन आणि त्यांचे सहकारी कोंडो यांनी १९७० मध्ये टी पेशी प्रतिकार दडपूही शकतात असे मांडले, आणि पुढच्या दशकभरात 'सप्रेसर टी पेशी' हे क्षेत्र फुलून आले. या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाच्या रेणूवर असंख्य निबंध लिहिले गेले, त्यांनी एकमेकांचे उल्लेख केले, आणि त्या काळी एच-इंडेक्स असता तर कित्येकांचा तो चढता दिसला असता. नंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुणसूत्रावरील संबंधित भागातील जनुकांचा प्रत्यक्ष नकाशा तयार झाला, आणि आय-जे जेथे असायला हवे होते तेथे त्याचे जनुकच सापडले नाही. क्षेत्र कोसळले. 'सप्रेसर' हा शब्द उच्चारणेही अवघड झाले, आणि अशा वातावरणात साकागुची आपल्या उंदरांना धरून बसले होते. गेर्शॉन यांची मूळ कल्पना पूर्णपणे चुकीची नव्हती. आजच्या नियामक टी पेशी तिच्याच दिशेला आहेत. पण त्या कल्पनेवर रचलेल्या उल्लेखांच्या इमारतीतले खरे काय आणि पोकळ काय, हे कोणत्याही उल्लेखसंख्येने सांगितले नाही. ते जनुकांच्या नकाशाने आणि एका साध्या, पुन्हा करून पाहता येणाऱ्या प्रयोगाने सांगितले.

स्कॉलर उल्लेखाचा हेतूही पाहत नाही. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, केवळ बारा मुलांवर आधारलेला 'लॅन्सेट'मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याचे खंडन करण्यासाठीच किती जणांनी त्याचा उल्लेख केला असेल! हिशेबात ते सगळे उल्लेख त्याच्याच बाजूला जमा होतात. मागे घेतलेले निबंध पबमेडमध्ये ठळक पट्टीने दाखवले जातात. स्कॉलरच्या यादीत अशी खात्रीची खूण मिळत नाही, आणि ही मला या सेवेतील सर्वांत गंभीर उणीव वाटते. निबंधांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाने जमवलेला, मागे घेतलेल्या निबंधांचा संग्रह २०२३ मध्ये सर्वांसाठी खुला केला, तेव्हा ही माहिती जोडणे गूगलसारख्या कंपनीला अशक्य नाही.

नोंदींच्या स्वच्छतेबाबतही हात राखूनच वापर करावा लागतो. साकागुचींचा १९९५ चा निबंध 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'ने २०११ मध्ये आधारस्तंभ ठरलेल्या निबंधांच्या मालेत पुन्हा छापला, त्यामुळे एकाच कामाच्या दोन नोंदी आढळतात, आणि नवख्या वाचकाला तो २०११ चा शोध वाटू शकतो. पबमेडमध्येही या दोन नोंदी वेगळ्याच आहेत, म्हणून हा दोष केवळ स्कॉलरच्या माथी मारता येणार नाही. मात्र दर्जाहीन, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना स्कॉलर अटकाव करत नाही, ही गोष्ट आपल्याकडे विशेष जाचक ठरते. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विद्यापीठांनी सुचवून यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कमी दर्जाची असू शकतात असे आढळले होते. अशा नियतकालिकांतले उल्लेखही स्कॉलरच्या बेरजेत मिसळतात, आणि बेरीज पाहणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत.

स्कोपस या बाबतीत अधिक काटेकोर आहे, कारण कोणती नियतकालिके घ्यायची हे तेथे निवडून ठरते. लेखकाचे पान वर्गणीशिवायही पाहता येते, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. परंतु स्कोपसमध्ये आधी १९९६ पासूनचेच संदर्भ होते आणि नंतर ते १९७० पर्यंत मागे नेण्यात आले, हे जुन्या पिढीच्या संशोधकाची यादी पाहताना ध्यानात ठेवावे. निशिझुका आणि साकाकुरा यांच्या पिढीवर त्याने अन्याय होतो. २०२२ मध्ये आलेले ओपनअलेक्स हे याच प्रकारचे साधन पूर्णपणे खुले आहे आणि माहिती उतरवूनही देते. ज्यांना आकडेमोड स्वतः करायची आहे त्यांनी तिकडे जावे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेची बढतीची फाइल परत आली होती. तिने एच-इंडेक्स स्कॉलरवरून लिहिला होता, तपासणाऱ्यांनी तो स्कोपसवर पाहिला, दोन्हींत पाचाचा फरक निघाला, आणि शेऱ्यात 'माहितीत विसंगती' असे लिहिले गेले. दोन सेवांची व्याप्ती वेगळी असल्यामुळे असा फरक पडणे स्वाभाविक आहे, हे पत्रातून समजावून सांगण्यात आमचे चार महिने गेले. तिचे निबंध कोणी उघडून वाचले होते का, हे तिने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले नाही. ती रात्री उशिरापर्यंत क्षयरोगाच्या रुग्णांच्या टी पेशी मोजत बसलेली मी पाहिली आहे, म्हणून मला ते फार लागले. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचे काम जोखू नये, असे सांगणारे जाहीरनामे आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये झालेल्या चर्चेतून निघालेल्या डोरा जाहीरनाम्यावर जगभरच्या हजारो संस्थांच्या सह्या आहेत. त्यानंतर मी आमच्या विभागातल्या प्रत्येकाला एक सवय लावली आहे: आकडा लिहाल तेथे सेवेचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा, आणि त्याखाली आपले तीन निबंध निवडून प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा, की यात मी नेमके काय केले आणि नंतर त्याचा कोणी काय उपयोग केला. त्या चार ओळी लिहिण्यासाठी स्कॉलरचे 'साइटेड बाय' अतिशय उपयोगी पडते, कारण उल्लेख कोणी केला, कोणत्या वाक्यात केला, प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी केला की नुसता रीत म्हणून केला, हे एकेक निबंध उघडून पाहता येते.

साकागुचींच्या बाबतीत अशा नोंदी लिहायला मी त्या तिघींना सांगितले. १९८५ च्या निबंधाची प्रत पबमेड सेंट्रलवर विनामूल्य मिळते, ती त्यांनी छापून घेतली. एकीने २०१७ चे क्राफर्ड पारितोषिकही शोधून काढले: ते साकागुची, रॅम्सडेल आणि रुडेन्स्की यांना मिळाले होते. आठ वर्षांनी नोबेलच्या यादीत रुडेन्स्की नव्हते आणि ब्रंको आल्या. त्याच कामाकडे पाहणाऱ्या दोन जाणत्या समित्यांनी तिसरे नाव वेगवेगळे निवडले, आणि दोन्ही निवडींमागे सबळ कारणे देता येतात, यावर त्यांची आपसात बराच वेळ चर्चा झाली. एच-इंडेक्स किती, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. जाण्यापूर्वी त्यांनी १९९५ च्या निबंधावर स्कॉलरची सूचना लावून घेतली. त्याचा नवा उल्लेख झाला की ईमेल येते. मीही ती लावून ठेवली आहे, आणि दर सोमवारी सकाळी आलेली पत्रे उघडून, मागे घेतलेला निबंध त्यांत नाही ना हे पबमेडवर पडताळून, उरलेली त्यांना पाठवते.